अमेरिकन लोकांचं एकमत आहे तरी कशावर?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत येऊन चौदा वर्षं झाली, पुढच्या महिन्यात नागरिकत्वाची मुलाखत आहे. अभ्यासाच्या कागदांत ‘अमेरिकन समाजाची समान राजकीय मूल्यं’ असा उल्लेख सारखा येतो. पण टीव्ही लावला की दोन पक्षांचे लोक एकमेकांना देशाचे शत्रू म्हणताना दिसतात. सातवीतली मुलगी विचारते, “आई, या लोकांचं एका तरी गोष्टीवर एकमत आहे का?” मग ही समान मूल्यं खरोखर आहेत, की नुसती पुस्तकात?

ताई, मी इथल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये तेवीस वर्षं अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था शिकवते आहे. शनिवारी सकाळी गावच्या लायब्ररीत नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारीही करून घेते. तुमच्या मुलीचा प्रश्न माझ्या वर्गात दरवर्षी सप्टेंबरमध्येच कुणीतरी विचारतं, आणि गेल्या दहा वर्षांत तो विचारणाऱ्यांच्या आवाजात काळजी वाढलेली मला जाणवते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुलाखतीचं सांगते, म्हणजे तेवढं ओझं उतरेल. तुम्ही अर्ज 20 ऑक्टोबर 2025 च्या आधी भरला असेल तर जुना संच लागू होतो: 100 प्रश्नांतून जास्तीत जास्त 10 विचारतात, 6 बरोबर आले की झालं. त्या तारखेला किंवा नंतर भरला असेल तर 128 प्रश्नांचा नवा संच आहे, 20 पर्यंत विचारतात आणि 12 बरोबर यावे लागतात. मूल्यांवर निबंध कुणी विचारत नाही. ‘कायद्याचं राज्य म्हणजे काय?’ असा प्रश्न असतो, त्याला ‘कायद्यापेक्षा कुणीही मोठा नाही’ एवढं उत्तर पुरतं. जुन्या संचात ‘राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते?’ असंही विचारतात, तर ‘आम्ही, लोक’ या अर्थाचे ते तीन इंग्रजी शब्द. पाठ करा आणि निर्धास्त जा.

मुलाखतीच्या कायद्यात एक गोष्ट मात्र अशी आहे की ती तुमच्या मूळ प्रश्नाला हात घालते. नागरिक होऊ इच्छिणारा माणूस ‘राज्यघटनेच्या तत्त्वांशी जोडलेला’ असावा, असं कायदा म्हणतो. राष्ट्राध्यक्षाशी, कुठल्या पक्षाशी, धर्माशी किंवा वंशाशी जोडलेला असावा असं म्हणत नाही. शपथही घटनेची आणि कायद्यांची घ्यायची असते. सैनिकसुद्धा शपथ घटनेचीच घेतात. मराठी असायला मराठी घरात वाढावं लागतं, भाषा रक्तात मुरावी लागते. इथे काही विचार मान्य केले आणि हात वर करून शपथ घेतली की माणूस अमेरिकन होतो, निदान कागदावर तरी. त्यामुळे हे विचार कोणते आणि त्यांचा अर्थ काय, यावर इथे इतकं भांडण होतं. ज्या देशाला एकत्र धरणारी गोष्टच विचार आहे, तिथे विचारांवरचं भांडण घरातल्या वाटणीच्या भांडणासारखं जीवघेणं होतं.

आता खरा प्रश्न. तुम्ही ‘समान मूल्यं’ याचा अर्थ ‘एकमत’ असा लावलाय, आणि घोटाळा तिथेच आहे असं मला वाटतं. एक प्रसंग सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या स्कूल बोर्डाची बैठक होती. हायस्कूलच्या लायब्ररीत एक पुस्तक ठेवावं की काढावं, हा विषय. शाळेच्या कॅफेटेरियात खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे होते. बैठक सुरू झाली ती ध्वजाच्या प्रतिज्ञेने. सगळे उठले, छातीवर हात ठेवला, ‘सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय’ हे शेवटचे शब्द सगळ्यांनी एका सुरात म्हटले. मग माइकसमोर रांग लागली. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर लाल आकड्यांचं घड्याळ. एक आई आली. हातातला कागद थरथरत होता. म्हणाली, “माझ्या मुलाने काय वाचावं हे मी ठरवणार. हे माझं स्वातंत्र्य आहे. सरकारी पगारावरच्या माणसाने माझ्या घरात शिरू नये.” तिच्या मागोमाग अकरावीतली एक मुलगी. ती म्हणाली, “दुसऱ्याच्या आईने माझं वाचन का ठरवावं? वाचायचं स्वातंत्र्य माझं आहे.” त्यानंतर एक वयस्कर गृहस्थ आले. पुस्तकाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. एवढंच विचारलं, की उद्या कुणी खटला भरला तर वकिलाचे पैसे आमच्या मालमत्ता करातून जाणार ना? मग आम्हाला आधी विचारायला नको?

तिघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. आणि तरी तिघांच्या बोलण्यात पाया एकच होता: माझ्या आयुष्यावर दुसऱ्या कुणाची सत्ता चालायची असेल तर त्याने आधी कारण सांगावं. ‘गप्प बसा, मोठ्यांना कळतं’ असं कुणी म्हणालं नाही. ‘धर्मात असं सांगितलंय’ असंही कुणी म्हणालं नाही, आणि त्या खोलीत धार्मिक माणसं पुष्कळ होती. आपली बाजू लोकांना पटवायची तर ती स्वातंत्र्य, हक्क आणि करदात्याचा पैसा याच शब्दांत मांडावी लागते, हे त्या थरथरत्या हाताच्या आईलाही ठाऊक होतं आणि सोळा वर्षांच्या मुलीलाही. मी ‘समान राजकीय मूल्यं’ म्हणते ती ही. सगळे त्याच नाण्यात व्यवहार करतात. नाण्याची किंमत किती, यावर वाद.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. 1960 मध्ये जेम्स प्रॉथ्रो आणि चार्ल्स ग्रिग या दोन अभ्यासकांनी मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर आणि फ्लोरिडातल्या टॅलाहासी या शहरांतल्या मतदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक उत्तरेकडचं विद्यापीठाचं गाव, दुसरं दक्षिणेचं, तेव्हा वर्णभेद पाळणारं. लोकशाही चांगली का, बहुमताने निर्णय व्हावा का, अल्पमतात असलेल्यांना टीका करू द्यावी का, असं विचारलं तर दोन्हीकडे जवळपास सगळे ‘हो’ म्हणाले. मग तेच तत्त्व प्रत्यक्षात आणून विचारलं: कम्युनिस्ट माणूस रीतसर निवडून आला तर त्याला महापौर होऊ द्यावं का? कृष्णवर्णीय उमेदवाराला उभं राहू द्यावं का? धर्माविरुद्ध भाषण होऊ द्यावं का? तिथे एकमत पार विस्कटलं. साठ वर्षं उलटून गेली तरी हे चित्र मला रोज वर्गात दिसतं. मी फळ्यावर ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ लिहून कोण बाजूने विचारलं की तीसच्या तीस हात वर. मग एक-एक प्रसंग देत जाते आणि हात खाली येत जातात.

यातला स्वातंत्र्याचा भाग आपल्याकडच्या माणसाला पचायला सर्वांत जड जातो, म्हणून त्यावर जरा थांबते. भारताच्या घटनेतही भाषणस्वातंत्र्य आहे, पण कलम 19 मध्येच त्यावर ‘वाजवी निर्बंध’ घालायची सोय आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वगैरे कारणांसाठी. अमेरिकेच्या 1791 च्या पहिल्या दुरुस्तीत अशी सोय लिहिलेलीच नाही. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, भाषणस्वातंत्र्य कमी करणारा कायदा करू नये, विषय संपला. न्यायालयांनी पुढे काही मर्यादा मान्य केल्या, धमकी, चिथावणी, बदनामी वगैरे. पण सुरुवात ‘बोलू द्या’पासून होते, आणि बोलणं थांबवायचं तर कारण सरकारला द्यावं लागतं.

1977 मध्ये शिकागोजवळच्या स्कोकी गावात नाझी विचारांच्या एका गटाने मोर्चा काढायचं ठरवलं. हे गाव ज्यूंचं, छळछावण्यांतून वाचलेली कितीतरी माणसं तिथे राहत होती. गावाने बंदी घातली. मोर्चेकऱ्यांच्या बाजूने न्यायालयात उभी राहिली अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी स्वातंत्र्यासाठी खटले लढवणारी संस्था, आणि त्यांचा वकील स्वतः ज्यू होता. हजारो सभासदांनी संतापून संस्था सोडली. खटला मोर्चेकऱ्यांच्या बाजूने लागला, शेवटी त्यांनी स्कोकीत मोर्चा काढलाच नाही, शिकागोत सभा घेतली. हा प्रसंग शिकवताना दरवर्षी माझ्या पोटात कालवतं. छळछावणीतून वाचलेल्या म्हातारीच्या दारावरून तो झेंडा जाऊ द्यायचा? पण आज माझ्या शत्रूचं तोंड बंद करायची सत्ता मी सरकारच्या हाती दिली, तर उद्या तीच सत्ता माझ्याविरुद्ध वापरणारा माणूस खुर्चीवर येईल, हा त्यामागचा हिशेब आहे. तो सगळ्या अमेरिकनांना पटतो असं नाही. माझ्या वर्गात निम्मी मुलं दरवर्षी गावाच्या बाजूने उभी राहतात, आणि ती मुलं मला चुकीची वाटत नाहीत.

तोच हिशेब रोज सकाळी माझ्या वर्गातही घडतो. पहिल्या तासाआधी प्रतिज्ञा होते. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थी उभा राहत नसे. कारण त्याने कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी रजेवर असताना बदली शिक्षकाने त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि बाहेर काढलं. परत आल्यावर मी त्या शिक्षकांना 1943 चा बार्नेट खटला वाचायला दिला. वेस्ट व्हर्जिनियातल्या यहोवाज विटनेसेस पंथाच्या मुलांनी ध्वजाला वंदन करायला नकार दिला, त्यांना शाळेतून काढलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. तारीख होती 14 जून, म्हणजे इथला ध्वजदिन, आणि दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. तीनच वर्षांपूर्वी याच न्यायालयाने अगदी उलट निकाल दिला होता. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालाचा गाभा असा, की राजकारण, राष्ट्रप्रेम, धर्म यांत नागरिकांनी काय मानावं हे लहान-मोठ्या कुठल्याही अधिकाऱ्याने ठरवायचं नसतं. म्हणजे बघा, समान मूल्यांची प्रतिज्ञा आहे, आणि ती न म्हणण्याची मुभा हे त्यांतलंच एक मूल्य आहे.

दुसरी गोष्ट सरकारकडे बघण्याची. आपल्याकडे ‘मायबाप सरकार’ हा शब्द आहे. तक्रार करतानासुद्धा आपण मायबापाकडे करतो: रस्ता द्या, पाणी द्या, नोकरी द्या. हा शब्द मी इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा माझ्या सहकाऱ्यांना तो नीट लागलाच नाही. अमेरिकन माणसाच्या मनात सरकार म्हणजे ठेवलेला नोकर. कामाचा, गरजेचा, पण किल्ल्या सगळ्या त्याच्या हाती द्यायच्या नाहीत. राजाविरुद्ध बंड करून जन्मलेल्या देशाने 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना सत्तेचे तीन तुकडे केले, वर केंद्र आणि राज्यं अशी वाटणी केली, त्यामागे हाच संशय होता.

हा संशय दोन्ही पक्षांत आहे, फक्त तो कशाबद्दल ते वेगळं. एकाला सरकार कर, बंदूक आणि धंद्याच्या नियमांत नको असतं. दुसऱ्याला पोलिसी अधिकार, पाळत आणि खाजगी आयुष्यात नको असतं. 1941 च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी चार स्वातंत्र्यं सांगितली, त्यांत भाषण आणि उपासना यांच्या जोडीला अभावापासून आणि भीतीपासून मुक्ती होती. चाळीस वर्षांनी, 1981 च्या जानेवारीत, रोनाल्ड रेगन यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून पहिल्याच भाषणात सांगितलं की सध्याच्या संकटात सरकार हा उपाय नसून सरकार हीच अडचण आहे. दोघंही स्वातंत्र्याच्याच नावाने बोलत होते आणि दोघांनाही लोकांनी भरभरून मतं दिली. आरोग्यविम्यावरचा आजचा वाद यातूनच आलेला आहे. विमा घ्यायची सक्ती हा स्वातंत्र्यावर घाला, की आजारपणात घर विकायची भीती नसणं हे स्वातंत्र्य? दोन्ही बाजूंना समोरचा ढोंगी वाटतो. माझ्या अनुभवात दोघंही मनापासून बोलत असतात.

मायबाप नसल्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला फार आवडते. 1831 मध्ये अलेक्सी द तोकव्हिल नावाचा तरुण फ्रेंच न्यायाधिकारी इथे आला, नऊ महिने फिरला. लहानसहान कामासाठीही हे लोक मंडळ स्थापन करतात, हे त्याला फार नवलाचं वाटलं. न्यू जर्सीतल्या कित्येक गावांत आजही आग विझवायला येणारे लोक पगारी नसतात. रात्री दोनला भोंगा वाजला की शेजारचा प्लंबर किंवा अकाउंटंट उठून जातो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी फिलाडेल्फियात 1736 मध्ये अशीच स्वयंसेवक अग्निशमन मंडळी उभी केली होती. आपल्या गणेशोत्सव मंडळांत वाढलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागू नये.

समतेचं काय? हा शब्द सर्वांत फसवा आहे. इथे समता म्हणजे सुरुवातीची रेघ सारखी असावी, असं बहुतेकांना मान्य असतं. शेवटची रेघही सारखी असावी, असं म्हणणारे थोडे. पण सुरुवातीची रेघ सारखी आहे हे ठरवायचं कसं? विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करावा का, या 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात बहुमताने आणि विरोधात लिहिणाऱ्या न्यायमूर्तींनी, दोघांनीही 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीतल्या ‘कायद्याचं समान संरक्षण’ याच शब्दांचा आधार घेतला. एकाने म्हटलं, समान म्हणजे वंश बघायचाच नाही. दुसऱ्याने म्हटलं, पिढ्यान्‌पिढ्या वंश बघून मागे ढकललेल्यांकडे आता न बघणं ही समता नव्हे. आरक्षणाच्या वादात वाढलेल्या आपल्याला दोन्ही युक्तिवाद ओळखीचे आहेत. फरक असा, की भारताच्या घटनेत 1951 सालीच मागासवर्गांसाठी विशेष तरतुदींची वाट लिहून ठेवली. अमेरिकेच्या घटनेत ती लिहिलेली नाही, म्हणून दर पिढीला तोच वाद नव्याने होतो.

आता ज्याच्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल, ते सांगते. ही मूल्यं लिहिली तेव्हा ती सगळ्यांसाठी नव्हती. ‘सर्व माणसं समान जन्मली आहेत’ हे 1776 मध्ये लिहिणारे थॉमस जेफरसन गुलामांचे मालक होते. 1942 मध्ये जपानी वंशाच्या सुमारे 1,20,000 लोकांना घरदार सोडायला लावून छावण्यांत कोंडलं, त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. 1944 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतलं. 1988 मध्ये सरकारने माफी मागितली आणि तेव्हा हयात असलेल्या प्रत्येकाला 20,000 डॉलर द्यायचं ठरवलं.

आणि आपली गोष्ट. भगतसिंग थिंड पंजाबातून 1913 मध्ये आले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवलं की भारतीय माणूस कायद्यातल्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा काही भारतीयांचंही काढून घेण्यात आलं. भारतीयांना ही वाट 1946 मध्ये उघडली, तीही येणाऱ्यांसाठी वर्षाला 100 जागांची. तुम्ही-मी इथे आहोत ते 1965 च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो कायदा ज्या हवेत झाला ती हवा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तयार केली होती. पुढच्या महिन्यात तुम्ही हात वर कराल तेव्हा हे मनात असू द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग प्रश्न पडतो, की ज्यांना या शब्दांनी बाहेर ठेवलं त्यांनी हे शब्द फेकून का दिले नाहीत? गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी 5 जुलै 1852 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये भाषण केलं. तुमचा हा चार जुलैचा सण गुलामाला काय वाटतो, असं त्यांनी गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर विचारलं. त्याच भाषणात त्यांनी घटनेला स्वातंत्र्याचा उज्ज्वल दस्तऐवज म्हटलं. 1848 मध्ये सेनेका फॉल्समध्ये जमलेल्या स्त्रियांनी जेफरसनचंच वाक्य घेतलं आणि त्यात ‘आणि स्त्रिया’ एवढेच शब्द घातले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1963 मध्ये वॉशिंग्टनला त्या जुन्या वचनांना वचनचिठ्ठी म्हटलं आणि ती वटवायला आलोय असं सांगितलं. तुम्हीच लिहून दिलंय, आता पाळा. ज्या समाजात असं लिहून दिलेलंच नसतं, तिथे हक्क मागणाऱ्याला आधी हक्क नावाची गोष्ट असते हेच पटवावं लागतं.

हे आपल्याकडे फार आधी एका माणसाने ओळखलं होतं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करून, गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष परोपकारबुद्धीसाठी. इथली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा अवघी आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून त्यांनी अटलांटिकपलीकडच्या लढ्यात शूद्रातिशूद्रांचा लढा पाहिला. चाळीस वर्षांनी, 1913 मध्ये, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले. या गोष्टी मी माझ्या वर्गात आवर्जून सांगते, आणि मुलं कान टवकारून ऐकतात.

मूल्यं बदलतात का, असंही तुमच्या प्रश्नात दडलेलं आहे. शब्द फारसे बदलत नाहीत, त्यांचं कुंपण सरकतं. गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था कृष्णवर्णीय आणि गोऱ्या माणसांच्या लग्नाबद्दल विचारत आली आहे. 1958 मध्ये ते मान्य असणारे 4 टक्के होते, 2021 मध्ये 94 टक्के. सगळं मात्र याच दिशेने गेलेलं नाही. वॉशिंग्टनमधलं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल, असं 1958 मध्ये सुमारे तीन चतुर्थांश लोक म्हणत. आता ते प्रमाण पाव हिश्श्याच्याही खाली घुटमळतं. नोकरावर संशय असणं एक, आणि घरातला कुणीच प्रामाणिक नाही असं वाटणं दुसरं.

मला खरी काळजी वाटते ती इथे. 1800 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स हरले आणि 1801 मध्ये आपल्या कडव्या विरोधकाच्या, जेफरसनच्या, हाती सत्ता सोपवून घरी गेले. हरल्यावर घरी जायचं, ही सगळ्या मूल्यांच्या तळाशी असलेली सवय आहे. 6 जानेवारी 2021 ला निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव संसदेच्या इमारतीत शिरला तेव्हा ती सवय डळमळताना आम्ही पाहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलावं हे मला तासभर सुचत नव्हतं. शेवटी मी मुलांना घटनेतला मतमोजणीचा भाग वाचायला दिला आणि त्यांना प्रश्न विचारू दिले. स्वातंत्र्य म्हणजे काय यावर हा देश दोनशे वर्षं भांडला आणि टिकला. मतमोजणीवरच विश्वास उरला नाही तर भांडायला जागा राहत नाही.

हे सगळं कुठे राहता, कोणत्या पिढीचे आहात, कातडीचा रंग कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. व्हरमाँटमध्ये मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावकरी एकत्र बसून गावाच्या खर्चावर हात वर करून मत देतात, तिथे सरकार म्हणजे ‘आपण’. टेक्सासच्या पश्चिमेला शेकडो एकरांच्या रँचवर राहणाऱ्याला वॉशिंग्टन परदेशासारखं वाटू शकतं. ज्याच्या आजोबांना मतदानाच्या दारातून हाकललं, त्याच्या तोंडी ‘कायद्याचं राज्य’ हा शब्द वेगळा वाजतो. माझं बोलणं न्यू जर्सीच्या एका उपनगरातून आलेलं आहे, तेवढं धरून चाला.

तर मुलीला काय सांगायचं? व्याख्यान देऊ नका. न्यू जर्सीत 1975 पासून कायदा आहे, टाउन काउन्सिलच्या आणि स्कूल बोर्डाच्या बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं. आता तिथे लोकांना बोलायला वेळही द्यावाच लागतो. अजेंडा आधी वेबसाइटवर असतो. पार्किंग, झाडं तोडणं, शाळेचं बजेट, असा एखादा रुक्ष विषय मुद्दाम निवडा, कारण गाजलेल्या विषयावर माणसं पाठ केलेलं बोलतात. मुलीला मागच्या रांगेत बसवा, हातात वही द्या. माइकसमोर येणारा प्रत्येक जण ‘हक्क’, ‘स्वातंत्र्य’, ‘समान वागणूक’, ‘माझा कर’ यांतला कोणता शब्द वापरतो आणि कशासाठी, ते तिला टिपायला सांगा. परत येताना गाडीत तिला विचारा, की यांतल्या कुणाचं म्हणणं तुला पटलं नाही, पण त्याचा शब्द मात्र पटला. माझ्या विद्यार्थ्यांना हा गृहपाठ मी पंधरा वर्षं देते आहे. मुलाखतीच्या आधी एखादी बैठक मिळाली तर तुम्हीही वही घेऊन बसा.